माडाच्या शेंड्यातल्या चोरट्यास

गेंड्या भुंग्या,

पत्राच्या वर ‘स. न. वि. वि.’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी ती मी पाळत नाही. तुला सप्रेम म्हणवत नाही, नमस्कार करवत नाही आणि विनंती करायची तर माझी मुळीच इच्छा नाही. परसातल्या कोवळ्या माडाच्या कोंबात तू शिरलास, तेव्हाच विनंतीचा विषय संपला. हे पत्र उघडं लिहिते आहे, कारण तुझी कुंडली कोकणातल्या प्रत्येक आगरात वाचली गेली पाहिजे.

आधी तुझा मोठेपणा मान्य करते. लिनिअसने १७५८ साली तुझं शास्त्रीय बारसं केलं आणि नाव थेट गेंड्यावरून दिलं. दीड-दोन इंचांचा काळा देह आणि डोक्यावर शिंग, एवढ्या भांडवलावर तू समुद्र ओलांडलेस. सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर १९०९ साली सामोआ बेटांवर उतरलास. २००७ साली ग्वाममध्ये आणि २०१३ साली हवाईत सापडलास. तिकीट काढलं नाहीस, परवाना घेतला नाहीस. माणसाने हलवलेली माती, रोपं आणि कुजका पाला यांतून फुकट फिरलास. माणसाच्या निष्काळजीपणाचा एवढा पुरेपूर फायदा घेणारा तुझ्यासारखा विरळाच.

तुझी कामाची पद्धतही बघण्यासारखी आहे. तू दिवसा तोंड दाखवत नाहीस. अंधार पडला की उडतोस, शेंड्यात उतरतोस आणि न उलगडलेल्या कोंबाला भोक पाडून आत घुसतोस. आतला कोवळा गर चावून रस पितोस आणि चोथा भोकाच्या तोंडाशी टाकतोस. घडी घातलेल्या कागदाला कात्री लावावी आणि मग तो उलगडावा, तसा तुझा प्रताप काही आठवड्यांनी उघड होतो. झावळ बाहेर येते आणि तिची पाती दोन्ही बाजूंना त्रिकोणी कापलेली दिसतात. तोवर तू दुसऱ्या माडावर गेलेला असतोस.

माडाला फांद्या फुटत नाहीत, हे तुला पक्कं ठाऊक आहे. आंब्याची फांदी मोडली तर बाजूने नवी येते, जास्वंद छाटली तर दुप्पट फुटते. माडाचा जीव मात्र एका शेंड्यात असतो. तो गेला की झाड गेलं. महिन्याला साधारण एक नवी झावळ येते आणि तिच्याच बेचक्यातून पुढे पोय निघते. म्हणजे तू कोंब कुरतडतोस तेव्हा पान तर जातंच, पण पुढच्या नारळांचाही हिशेब कमी होतो. पोय कोवळी असताना तिलाही तू सोडत नाहीस.

त्यावर तुझा दोस्त सोंड्या भुंगा. तू भोक पाडायचं आणि त्याने आत संसार थाटायचा, अशी तुमची वाटणी. जखमेत तो अंडी घालतो, त्याच्या अळ्या खोड आतून खातात, बुंध्यातून तांबूस चिकट द्रव गळतो आणि खोडाला कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येतो. शेंडा कलला की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पावसाळ्यात कोंब कुजवणारी बुरशीही तुझ्या भोकाची वाट बघत असते. गुन्हा एकाचा आणि सोय तिघांची, एवढं सहकार्य आमच्या सोसायट्यांनासुद्धा जमत नाही.

पण तुझा खरा पत्ता वर नाही, खाली आहे. तुझी मादी अंडी घालते ती कुजलेल्या शेणखतात, पाल्याच्या ढिगात आणि पडून सडलेल्या माडाच्या ओंडक्यात. तिथली पांढरी, जाड, वाकडी अळी बरेच जण हुमणीच समजतात आणि दुर्लक्ष करतात. ती जिवंत मुळं खात नाही, कुजलेलं खाते. त्यामुळे अळी असताना तू कुणाच्या नजरेत भरत नाहीस. काही महिने शेणखताच्या गायरीत ऐटीत वाढतोस. खत काढणारा माणूस घमेल्यातल्या अळ्यांसकट ते माडाच्या आळ्यात ओततो. खताबरोबर शत्रूही झाडाच्या पायाशी घरपोच. याहून सुखाचं बालपण कुणाचं असेल?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर माडांच्या रांगाच्या रांगा आडव्या केल्या. ज्या आगरांतून ओंडके उचलले गेले नाहीत, तिथे ते कुजले आणि तुझ्या पुढच्या पिढ्यांना तयार बाळंतघर मिळालं. वादळ एका दिवसात गेलं. ओंडके हलवले नाहीत, तर त्याची किंमत उरलेले उभे माड मोजतात.

तुझा दुसरा आधार म्हणजे पाडेल्यांची टंचाई. उंच बाणवली माडावर चढणारा हात आता सहज मिळत नाही, म्हणून शेंड्यात काय चाललं आहे ते खालून कळत नाही. नारळ काढायला कुणी वर गेलं तरी त्याला फक्त नारळ मोजायला सांगतात, कोंब बघायला नाही. तुला हवी असलेली सगळी शांतता अशी आम्हीच पुरवतो.

आता यापुढचं ऐक.

परसातल्या लहान माडांचा शेंडा हाताला येतो, तिथून सुरुवात. पावसाळ्यात दर आठवड्याला प्रत्येक कोंब बघायचा. ताजा चोथा दिसला की टोकाला आकडा केलेली तार भोकात घालायची आणि तुला बाहेर ओढायचं. पाडेली वर जाईल तेव्हा तारेचा आकडा त्याच्याही कमरेला असेल आणि शेंडा साफ करण्याची मजुरी वेगळी देऊ, कारण ते काम नारळ पाडण्याइतकंच मोलाचं आहे. वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि तेवढीच वाळू मिसळून घालायची, वर्षातून तीनदा. कोवळ्या रोपांना बेचक्यात डांबराच्या तीन-चार गोळ्या, वर वाळू, दर ४५ दिवसांनी. पाण्यात भिजवलेल्या एरंडी पेंडीच्या वासावर तू धावत येतोस, म्हणून मातीची मडकी त्या पेंडीने भरून आगरात ठेवायची. तुझ्या नावाने शेंड्यात भरमसाट विष ओतणाऱ्यांचंही चुकतं. शहाळं पिणारं तोंड आमचंच असतं.

आणि मुख्य काम गायरीचं. खत दर दोन महिन्यांनी उलथायचं, अळ्या वेचायच्या, कोंबड्यांना त्यावर सोडायचं. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी खतात मिसळली की ती अळीच्या अंगावर वाढून तिला मारते आणि माणसाला व झाडाला तिचा त्रास नाही. कासरगोडची केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्था आणि भाट्याचं नारळ संशोधन केंद्र यांनी तुझ्यावरचे उपाय शेतकऱ्यांसमोर कधीच मांडलेले आहेत. सामोआत १९६७ साली तुझ्यातच रोग पसरवणारा विषाणू सोडून तुझी संख्या खाली आणली गेली. म्हणजे तू अजिंक्य नाहीस. तुझी सगळी ताकद आमच्या आळसावर उभी आहे.

तुला एका परसातून हाकललं म्हणून भागत नाही, हेही जाणून आहे. तू उडतोस. माझी गायरी स्वच्छ आणि शेजाऱ्याचा कुजका ओंडका तसाच, तर तुझ्या मुक्कामात फरक पडणार नाही. म्हणून ही तक्रार तुझ्याइतकीच शेजाऱ्यांसाठी आहे. वाडीतल्या पडलेल्या माडांचे ओंडके चिरून हलवायला, उभा मेलेला माड पाडून जाळायला आणि गायऱ्या एकाच आठवड्यात उलथायला सगळ्यांनी पावसाआधी यायचं आहे. ज्या झाडाचं पाणी, खोबरं, करवंटी, काथ्या, झाप आणि हीर असं सगळं आम्ही वापरतो, त्याच्यासाठी वर्षातून चार दिवस काढायला कुणाला जड वाटू नये. लावून सात वर्षं वाट पाहिलेला माड एका पावसात तुझ्या तोंडी जातो, तेव्हा घरातल्या माणसांचा जीव खरंच तुटतो. ती माया तुला कळणार नाही, पण तिचा जोर तुला कळेल.

तू ऐकशील म्हणून हे लिहिलेलं नाही. तू ऐकणारा प्राणी नाहीस. ज्यांनी ऐकायचं त्यांच्या घरी गायरी आहे, तार आहे आणि दोन हात आहेत. तेवढं तुझ्यासाठी पुरेसं आहे.

तुझं अहित मनापासून चिंतणारी,
माड राखणारी एक आगरवाली