कमोडात सदाफुली : हौशी बागकारांसाठी मार्गदर्शिका

रोपवाटिकेतून कुंडी आणून तिच्यात झाड लावणं कोणालाही जमतं. झाड जगतं, फुलतं, आणि मालकाच्या अभिरुचीबद्दल चकार शब्द काढत नाही. याउलट ज्याच्या गच्चीत शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर फुटकं घंगाळ आणि घंगाळात शतावरी आहे, त्याच्याबद्दल पाहुणे जिना उतरेपर्यंत बोलत राहतात. काय बोलतात, हा मुद्दा अलाहिदा. जुन्या बाजारातल्या वस्तूंनी बाग सजवू इच्छिणाऱ्यांनी पुढील सूचना दिलेल्या क्रमानेच पाळाव्यात.

१. आधी घरचं काढून टाका

नवखे लोक इथेच चुकतात. माळ्यावर आजीचा तांब्याचा बंब असतो, आणि ते तोच उतरवून त्यात झाड लावायला निघतात. असं करू नये. घरच्या वस्तूवर नातेवाइकांचा हक्क असतो. बंबात मनीप्लांट लावल्याचं कळताच आत्याचा फोन येतो : ‘‘अरे, त्या बंबाच्या पाण्यानं आम्ही सगळी भावंडं आंघोळी करायचो, आणि तू त्यात शेणखत घातलंस?’’ परक्या बंबाला आत्या नसते. म्हणून घरचा बंब भंगारवाल्याला किलोच्या भावाने द्यावा आणि बाजारातून दुसऱ्या कोणाच्या आजीचा बंब नगाच्या भावाने आणावा. या दोन भावांतल्या फरकालाच अँटिक म्हणतात.

२. बाजाराला जाणे

पुण्यात असाल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार. वार बुधवार आणि रविवार. मुंबईकरांसाठी भेंडीबाजाराजवळचा चोर बाजार, त्यातही मटण स्ट्रीट. दुकानातला माल पुसलेला असतो, म्हणून महाग. जमिनीवर पसरलेल्या मेणकापडावरचा माल खरा. किल्ली नसलेली कुलपं, काटे नसलेली घड्याळं, झाकण हरवलेले कडीचे डबे, रिसीव्हर एका रंगाचा आणि फोन दुसऱ्या रंगाचा, हे सगळं तिथे एका रांगेत मांडलेलं असतं. वस्तू उचलताना ‘हिचा उपयोग काय’ हा विचार मनात आला, तर तुम्ही योग्य वस्तू उचलली आहे.

कर्णावाल्या ग्रामोफोनपासून मात्र सावध. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक ग्रामोफोनांचं वय विकणाऱ्याच्या मोबाइलपेक्षाही कमी असतं. पेटी नवी, कर्णा नवा, फक्त गंज तेवढा मनापासून चढवलेला. अर्थात तुम्हाला त्यात गोकर्णाचा वेलच चढवायचा असेल, तर ही फसवणूक माफ करावी.

३. घासाघीस

‘जुनं ते सोनं’ ही म्हण बाजारात मनातल्या मनातही म्हणू नये. विक्रेत्याला चेहरा वाचता येतो. पितळी किटली आवडली, तर आधी शेजारचा पाना उचलावा.

‘‘मामा, हा पाना कसा दिला?’’

‘‘दीडशे.’’

‘‘आणि ही किटली? हिचं नळकं वाकलंय.’’

‘‘नऊशे. पितळ आहे साहेब, वाजवून बघा.’’

इथे तुम्ही किटली वाजवता, आणि वाजवली की गेलात. जी वस्तू गिऱ्हाइकाने वाजवली ती त्याने मनात घरी नेली, हे मामांना पक्कं ठाऊक असतं. शेवटी साडेसातशेला किटली मिळते आणि ‘तुमच्यासाठी म्हणून’ पानाही शंभराला गळ्यात पडतो. पाना नाकारू नये. बागेत त्याचाही नंबर लागतो.

४. वस्तूंची निवड

मापं सर्वोत्तम. कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली असा चढता संच जमला, तर पायरी-पायरीवर एकेक ठेवावं. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, त्यामुळे रोपांचीही आपोआप प्रतवारी होते : कोळव्यात एखादं निवडुंगाचं पिल्लू, पायलीत जेड. दशमान पद्धत आल्यावर ही मापं दुकानांतून उठली. मुलांना हा इतिहास सांगता येतो. मुलं ऐकत नाहीत, पण पाहुणे अडकलेले असतात.

कमोड हा धाडसी वर्गाचा विषय. कुणी नाक मुरडलंच, तर मार्सेल द्यूशाँचं नाव घ्यावं. त्याने १९१७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी मुतारीचं भांडं ‘फाउंटन’ या नावाने पाठवलं होतं. तेव्हा आयोजकांनी ते मांडलं नाही. आज त्याच्या प्रतिकृती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. तुमची सोसायटीही सुरुवातीला मांडू देणार नाही. धीर धरावा.

५. भोक

या कलेचा गाभा भोकात आहे. पाण्याला वाट नसेल तर मुळं कुजतात, मग वस्तू कितीही दुर्मीळ असो. पत्र्याच्या डब्याला खिळ्याने आतून बाहेर भोकं पाडावीत. बाहेरून आत पाडली तर पत्र्याच्या वळलेल्या कडा तळाशी बांध घालतात आणि पाणी साचतं. चिनी मातीच्या वस्तूला डायमंड बिट लागतं. जागेवर चिकटपट्टी लावायची, ड्रिलचा ठोक्याचा मोड बंद करायचा, वरून थेंबथेंब पाणी सोडत हळू फिरवायचं. घाई केली की एका भोकाऐवजी दोन तुकडे मिळतात.

कमोडला मुळातच भोक असतं, असं समजून फसू नका. त्याच्या खालच्या वळशात पाणी अडून राहावं, म्हणजे गटाराचा वास वर येत नाही, अशीच त्याची रचना असते. झाडासाठी ती घातक. वळशालाच वेगळं भोक पाडावं.

६. ऊन, रंग आणि वजन

चैत्र-वैशाखात पत्र्याची ट्रंक इतकी तापते, की आतली मुळं शिजतात. ट्रंकेत थेट माती भरण्याऐवजी साधी प्लॅस्टिकची कुंडी ठेवावी आणि मधल्या जागेत नारळाचा काथ्या ठासावा. म्हणजे जी कुंडी टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, तीच शेवटी आत जाते. ती बाहेरून दिसू नये, एवढीच दक्षता घ्यावी.

जुन्या रंगकामात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगाचे पापुद्रे निघणाऱ्या खोक्यात कोथिंबीर, पालक लावू नये. शोभेची झाडं लावावीत आणि पापुद्रे हाताने खरवडत बसू नये.

बाथटब हे अनेकांचं स्वप्न असतं, म्हणून थोडा हिशेब. बिडाचा टब रिकामाच शंभर-सव्वाशे किलोंच्या पुढे भरतो. त्यात दोनशे लिटर माती घातली, आणि ओली माती लिटरला दीड किलोच्या आसपास धरली, तर आणखी तीनशे किलो. हे सगळं जेमतेम एका चौरस मीटरवर. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार मात्र चौरस मीटरला साधारण दीडशे किलोच आहे. आधी इंजिनिअरला विचारावं. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारायच्या आत.

७. बिनबोलावलेले रसिक

तुमच्या सजावटीची सर्वांत आधी कदर करणारा जीव म्हणजे डेंग्यूचा डास. त्याला स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. किटलीचं नळकं, जात्याची खळगी, उलटं ठेवलेलं हेल्मेट, काहीही चालतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडीही महिनोन्‌महिने टिकतात. काठ घासावे लागतात. कलेसाठी रविवार द्यावा लागतो, तो हा.

८. कमिटी

गच्ची सामाईक असल्याचा शोध सोसायटीला तुमचं तिसरं घंगाळ वर जाताना लागतो. अशा वेळी चंदिगडच्या नेकचंद यांचा आदर्श ठेवावा. सरकारी रस्ते निरीक्षक असलेल्या या माणसाने १९५७ पासून सुखना तलावाजवळच्या राखीव रानात फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेचे सॉकेट आणि संडासाची भांडी यांतून पुतळ्यांची आख्खी नगरी उभारली, तीही सरकारला पत्ता न लागू देता. १९७५ च्या सुमारास ते उघडकीला आलं, १९७६ मध्ये रॉक गार्डन लोकांना खुलं झालं आणि १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तात्पर्य, पहिली अठरा वर्षं विषय काढू नये.

९. तौलनिक अभ्यास

शेवटची पायरी इमारतीच्या तळाशी आहे. पंपाच्या खोलीमागे वॉचमनच्या बायकोची बाग असते. रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत मिरच्या, फळवाल्याच्या थर्माकोलच्या खोक्यात पुदिना, तेलाच्या डब्यात तुळस, फुटक्या माठाच्या बुडात कढीपत्ता. भोकं आतून बाहेर पाडलेली. काठ कोरडे. कुठलीही पुस्तिका न वाचता.

तुम्ही जे हजारो रुपये घालून वर केलं, ते इथे फुकटात झालेलं आहे, आणि शिवाय खाता येतं. तरीही गोंधळू नये. तुमच्या गच्चीचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर ‘किती कल्पक!’ म्हणून फिरतात, आणि त्याच ग्रुपवर दुसऱ्या दिवशी सूचना येते : ‘पंपरूममागचं भंगार तातडीने हटवावे.’ वस्तू दोन्हीकडे सारख्याच टाकाऊ आहेत. वरच्यांचं बिल आहे, खालच्यांचं नाही. सूचना टाकणारे चिटणीस आमटीसाठी कढीपत्ता मात्र खालूनच नेतात.

अभ्यासू वाचकांनी एक प्रयोग करावा. रंग उडालेल्या त्या बादलीला जुन्या बाजारात चांगला उठाव आहे, तेव्हा खाली जाऊन पाचशे रुपयांना ती मागून पाहावी. बाई आधी नोटेकडे बघतील, मग तुमच्याकडे, आणि म्हणतील : ‘‘मिरच्या हव्यात तर न्या की साहेब. बादली कशापायी? वर पाणी येत नाही का?’’