पडद्याआडचं बटण

सोमवारी सकाळी साडेनऊला सपोर्टच्या ग्रुपवर पहिला स्क्रीनशॉट पडला. चहा येईपर्यंत अकरा स्क्रीनशॉट झाले. सगळ्यांत तेच. आमच्या ॲपच्या तळाचं 'पैसे भरा' हे बटण फोनच्या मागे-होम-रिसेंट या तीन बटणांच्या पट्टीखाली सरकलेलं. पट्टीआडून पुसटसं दिसतंय, पण दाबायला जावं तर गिऱ्हाईक थेट होम स्क्रीनवर. एका आजोबांनी लिहिलं होतं, "पैसे नको असतील तर तसं सांगा."

ऑफिसात पाच मिनिटांत एकमत झालं, अँड्रॉइडच्या अपडेटनं वाट लावली. एरवी जेवायला कुठं जायचं यावर आमचं एकमत होत नाही.

आता खरं सांगतो. अँड्रॉइड १५ चा नियम असा, की ॲपनं या काठापासून त्या काठापर्यंत पसरायचं. वर घड्याळ-बॅटरीच्या मागे, खाली बटणांच्या मागे. पण जुन्या ॲपला हा नियम आपोआप लागत नाही. ॲपच्या फाइलीत टार्गेट म्हणून ३५ (म्हणजे अँड्रॉइड १५) लिहिलं, तरच लागतो. तो आकडा अपडेटनं नाही, आमच्यातल्याच एकानं लिहिला. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरचा दंडकच तो, त्याला तरी काय बोलणार? एका ओळीचा बदल, ३४ चे ३५. तपासणाऱ्यानं न वाचता अंगठा लावला. तपासणारा मी.

टेस्टिंगमध्ये का सापडलं नाही? कारण आमच्या टेस्टरचा फोन स्वाइपवाला, तळाला नुसती बारीक रेघ. तीन बटणांची पट्टी ४८ डीपी (पडद्यावरचं माप) जाड असते. ती बटणं वापरणं आमच्याकडे जरा गावंढळ समजतात. पैसे भरणारे मात्र बहुतेक तीच वापरणारे निघाले.

मग शोध सुरू. सेटिंग्जमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारल्या, की फोन म्हणतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. (आम्ही यासाठी चार वर्षं आणि वडिलांचा पीएफ घालवला.) तिथं लेआउटच्या सीमा दाखवायची सोय आहे. ती चालू केली आणि स्क्रीनभर प्लॉटच्या नकाशासारख्या रेघा उमटल्या. बटणाखाली मोकळी जागा १६ डीपी. कोडमध्ये तसाच ठोकलेला आकडा. खरं तर फोनला विचारायचं असतं, बाबा, तुझी पट्टी किती जाड? त्या उत्तराला इनसेट म्हणतात. आम्ही कधी विचारलंच नव्हतं, कारण आजवर सिस्टिमच आम्हाला पट्टीच्या वर अडवून धरत होती. नळाला पाणी येतंय तोवर टाकीत कोण डोकावतं?

मॅनेजरांना मात्र तोड आधीच सापडली होती. थीममध्ये एक ओळ टाकली की या नियमातून सूट मिळते. मी म्हटलं, टार्गेट ३६ केलं की अँड्रॉइड १६ वर ती सूट बंद आहे. "मग १६ आल्यावर बघू." साहेब, १६ तर जूनमध्येच येऊन बसलाय.

शेजारच्या टेबलावर आयफोनवाले खुसुखुसु हसत होते. त्यांना २०२१ ची आठवण करून दिली. आयओएस १५ आलं आणि त्यांच्या शीर्षकपट्टीचा रंगच उडाला. स्क्रोल केल्याशिवाय परत येईना. पांढऱ्यावर पांढरं शीर्षक, आणि याद्यांच्या मथळ्यांवर कुठून तरी उगवलेली रिकामी फट. हसू थांबलं.

बुधवारी रात्री दुरुस्ती गेली. बटण वर आलं. एकानं मुख्य चौकटीला इनसेट दिला होता, आणि तोच इनसेट दुसऱ्यानं, काळजीपोटी, बटणालाही दिला होता. दोन पट्ट्यांएवढी जागा सुटली. ते काही कोणाला कळत नाही, असं ठरवून आम्ही घरी गेलो.

गुरुवारी सकाळी आजोबांचा स्क्रीनशॉट. "पैसे भरले. बटण फार वर टांगलंय. माझा अंगठा पोचत नाही, पूर्वी होतं तिथं ठेवा."