डोंगर कापणाऱ्या आर्किटेक्टसाहेबांना खुले पत्र

साहेब,

डिंभे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून उभा केलेला तुमचा बंगला परवा पाहिला. फलकावर लिहिलंय, ‘निसर्गाच्या कुशीत’. कुशीत शिरायला तुम्ही आधी ती कूसच जेसीबीनं उभी फाडलीत. मागे दोन पुरुष उंचीचा लाल मातीचा कडा उघडा पडलाय, पुढे काचेची भिंत आणि वर पोपटी पत्रा. पत्र्याच्या त्या रंगामुळे म्हणे इमारत डोंगरात मिसळली! आमचा डोंगर आषाढात हिरवा, दिवाळीनंतर पिवळा आणि चैत्रात करपलेला असतो. तुमचा पत्रा बारा महिने पोपटीच.

याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडलं गेलं. गाव जागेवर नाही, हे आधी एसटीच्या चालकाला दिसलं, मग जगाला कळलं. पावसानं फुगलेली माती सुटली आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. हे ठाऊक असताना तुम्ही उताराचा पायथा खणलात आणि ओढा बुजवून त्यावर गाड्या लावायची सोय केलीत. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, म्हणून तुमच्या नकाशात तो नाहीच.

डोंगर तर लेण्याद्रीच्या लेण्यांसाठीही कापला, असं तुम्ही म्हणाल. जरूर जाऊन बघा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी काळा कातळ निवडला, दर्शनी भाग कड्याच्या रेषेत ठेवला आणि पाणी पोढ्यांत, म्हणजे कातळात कोरलेल्या टाक्यांत, साठवलं. पायथ्यावरून बघितलं तर कड्यात सावल्यांची एक ओळ तेवढी दिसते. तेवढा वेळ नसेल तर भीमाशंकरच्या वाटेवर महादेव कोळ्यांच्या एखाद्या वाडीत बसा. कारवीचा कूड, त्यावर शेणमाती, झडीच्या बाजूला खाली ओढलेलं छप्पर. भातखाचरांसाठी ही माणसं एकत्र येऊन पडकई करतात, उताराला आडवे बांध घालून माती धरून ठेवतात. तुमच्या पदवीच्या अभ्यासात हे असायला हवं होतं.

नव्या बांधकामाला माझा विरोध नाही. श्रीलंकेत कंडलामाचं हॉटेल वास्तुकार जेफ्री बावांनी १९९०च्या दशकात काँक्रीटमध्येच बांधलं. पण ते कड्याला लगटून लांबट, अरुंद ठेवलं आणि वेलींना अंगावर चढू दिलं. आज झाडीत इमारत शोधावी लागते. तुम्हालाही खोल्या उताराबरोबर टप्प्याटप्प्यानं खाली नेता आल्या असत्या, घर खांबांवर उचलून ओढा खालून वाहू देता आला असता.

पुढची जागा घ्याल तेव्हा आषाढात तीन दिवस तिथे मुक्काम करा. पाणी जिथून उतरेल तिथे खुंट्या ठोका. उरलेल्या जागेत घर बसत असेल तरच बांधा. आणि या बंगल्यामागच्या कड्याला मृगाच्या आधी दगडी भिंतीचा टेकू द्या, तिच्यात पाणी निघायला भोकं ठेवा, ओढा मोकळा करा. खाली वाडी आहे. रात्री तिथे लेकरं झोपलेली असतात.

आपला,
जुन्नरचा एक रहिवासी