अदमासे सर

सरांचं खरं आडनाव वेगळं आहे. ‘अदमासे’ हे विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. जन्मभर जंगलातली जनावरं मोजायची आणि तोंडातून सरळ आकडा म्हणून काढायचा नाही, अशी जी एक जमात असते, तिचा हा अस्सल नमुना.

मेळघाटातून परतले की शेजारी विचारतात, “वाघ दिसला का?” सरांचा चेहरा पडतो. वाघ काय, कोणालाही दिसतो! त्यांना चितळाच्या ताज्या लेंड्या दिसलेल्या असतात आणि त्यांची चौकशी कोणी करत नाही. पहाटे आखलेल्या सरळ रेषेवरून चालायचं, कळप दिसला की तो बुजण्याआधी जिथे होता तिथलं अंतर आणि कोन टिपायचा, आणि लांबची किती जनावरं नजरेतून सुटली असतील ते त्या अंतरांवरून गणितानं काढायचं. न दिसलेलीही मोजतात म्हणून वनमजूर त्यांना जरा बिचकूनच असतात.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसणाऱ्या हौशी मंडळींची त्यांना कीव येते. “एकच डुक्कर तीनदा पाण्यावर आलं, की तुमची तीन डुकरं!” पंजाच्या ठशांचा तर विषयच काढू नये. २००५ साली सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हापासून ठसे वाचणाऱ्याकडे ते कुडमुड्या ज्योतिषाकडे बघावं तसं बघतात. आता कॅमेरे. तेही वाटेच्या दोन्ही बाजूंना, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजवीशी जुळत नाहीत. २०२२च्या गणनेत देशात सरासरी ३६८२ वाघ निघाले म्हणून गल्ली खूश, सर म्हणाले, “३९२५सुद्धा असतील.”

पण ते खरे खुलतात लग्नात. परवा त्यांनी दारात टिळा लावणाऱ्या पोरीला ४० कपाळांनंतर थांबवलं. मंगलाष्टकं आटोपल्यावर मांडवात फिरून ५० पाहुणे तपासले. टिळे निघाले १०. “चाळीस गुणिले पन्नास, भागिले दहा. दोनशे पान!” आचारी चाट पडला. मग अटी आल्या: टिळा कोणी पुसलेला नसावा, मध्ये कोणी आलं-गेलेलं नसावं, टिळेवाले सगळ्यांत नीट मिसळलेले असावेत. तेवढ्यात लक्षात आलं की त्या दहांतल्या एका मावशींनी घामाबरोबर टिळाही पुसून टाकलाय. टिळे १० धरायचे की ९? ९ धरले तर मावशींच्या रुमालानं बावीस पाहुणे वाढत होते!

त्यांची नजर विखुरणीवरही असते. जिलबीभोवती घोळका. भाऊबंदकीतली चार घरं मात्र हद्द राखणाऱ्या जनावरांसारखी समान अंतरावर. कशीही, कुठेही असायची ती फक्त पोरं. निसर्गातही असा निव्वळ स्वैर पसारा दुर्मीळच, असं सर कौतुकानं सांगतात. जिलबीपाशी पुन्हापुन्हा सापडणारे एक काका त्यांनी वहीत ‘सापळ्याला सोकावलेले’ म्हणून नोंदवले.

“ते असू द्या,” आचारी म्हणाला, “भात कितींचा टाकू?”

सरांनी वहीच्या मागच्या पानावर वर्गमूळ काढलं. “पंचाण्णव टक्के खात्रीनं सांगायचं, तर शंभर ते तीनशे.”

आचाऱ्यानं पदराला हात पुसणाऱ्या वधूमाईला हाक मारली आणि आमंत्रणांची यादी मागितली.