धक्का-स्टार्ट : नव्या फियाटवाल्यांसाठी प्राथमिक धडे

अभिनंदन. तुमच्या दारात आता जुनी फियाट उभी आहे. हौसेनं विकत घेतली असेल, नाहीतर एखाद्या मामांनी ‘घरातली वस्तू घरातच राहू दे’ म्हणत गळ्यात मारली असेल. दोन्हीचा परिणाम एकच. आजपासून दर रविवारी सकाळी भेटणारे, रात्री अकराला फोन उचलणारे आणि तुमच्या गाडीविषयी तुमच्याच तोंडावर वाट्टेल ते बोलणारे चाळीसेक लोक तुमच्या आयुष्यात येणार आहेत. त्यांच्याशी कसं वागायचं हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये नाही. (मुळात मॅन्युअलच मिळालेलं नसतं. ते पुढे कोणीतरी झेरॉक्स काढून देतो.) म्हणून हे धडे.

आधी नाव नीट घ्या

‘अरे, ही तर जुनी टॅक्सी!’ हे वाक्य पाहुण्यांनी बोलायचं असतं. तुम्ही नव्हे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे या गाड्या बाहेर पडू लागल्या, एवढा इतिहास पाठ असावा. पन्नासच्या दशकातली ती डुक्कर फियाट. पुढचं नाकाड तसं आहे म्हणून डुक्कर, आणि तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, थोडा काळ प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. पोटात सगळ्यांच्या तेच १०८९ सीसीचं इंजिन. तरीही वाड्याच्या मालकानं वन बीएचकेवाल्याकडे पाहावं तसं डुक्करवाला पद्मिनीवाल्याकडे पाहतो. ते मनावर घेऊ नये. त्याचे दरवाजे उलटे उघडतात, एवढाच त्याचा मोठेपणा.

टॅक्सीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. ताडदेवला २००३च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्या हिशेबानं २०२३च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. ‘टॅक्सी म्हणू नका’ म्हणून जन्मभर भांडलेले आमच्यातले दोघं त्या आठवड्यात गुपचूप मुंबईला गेले आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनीत बसून फोटो काढून आले. फोटो कोणालाही दाखवलेले नाहीत. आम्ही सगळ्यांनी पाहिलेत.

गाडी कुठे बंद पाडावी

मैत्री ओळखदेखीनं होत नसते, गाडी बंद पडल्यानं होते. तेव्हा गाडी योग्य जागी बंद पाडणं हे नवशिक्याचं पहिलं कौशल्य. घरासमोर बंद पडली तर फक्त शेजारी जमतात आणि ‘विकून टाका आता’ म्हणून जातात. गॅरेजसमोर पडली तर नुसतं बिल होतं. उत्तम जागा म्हणजे घाट, आणि उत्तम महिना मे.

माझी पहिली वेळ खंबाटकी घाटातली. पुण्याहून साताऱ्याला जाताना तेव्हा घाट चढावाच लागायचा, बोगदा मिळायचा तो परत येताना. अर्ध्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली. यात गाडीचा दोष नसतो. इंजिनच्या अंगाला चिकटून बसलेला पेट्रोलपंप तापतो, त्यातल्या आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ ओढून कार्बोरेटरचं पोट भरत नाही. मिस्त्री याला ‘गाडीनं एअर घेतली’ म्हणतात. उपाय सोपा आहे. बोनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वीस मिनिटं बायकोशी गोड बोलायचं. मी काय केलं? स्टार्टर मारत बसलो. दहा मिनिटांत बॅटरीही झोपली.

तेवढ्यात मागून एक पांढुरकी पद्मिनी आली आणि पुढे जाऊन थांबली. आतून साठीचे एक गृहस्थ उतरले. अंगात कडक इस्त्रीची पांढरी पँट, कपाळाला गंध. बहुधा लग्नाला निघाले होते. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पहिलंच वाक्य, ‘‘फडकं टाकलं का?’’

माझ्याकडे फडकं नव्हतं. त्यांनी मागे वळून नुसतं पाहिलं. काकूंनी पोळ्यांच्या डब्याभोवतीचं फडकं सोडलं, पाण्याच्या बाटलीनं भिजवलं आणि खिडकीतून पुढे केलं. इतक्या सराईतपणे, की या संसारात हे अनेकदा झालेलं असणार.

मग धक्का. इथे नीट लक्ष द्या, कारण हा प्रसंग तुमच्यावर येणारच आहे. किल्ली ऑन. गिअर दुसरा. क्लच पूर्ण दाबून ठेवायचा. मागच्यांनी गाडी पळवली, वेग आला, की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिननं पकड घेतली की लगेच पुन्हा दाबायचा. वळणावरच्या सपाट पट्टीवर काकांनी आणि एका ट्रकच्या क्लीनरनं मिळून मला तीन वेळा ढकललं. तिसऱ्या वेळी गाडी खोकली आणि जिवंत झाली. काकांच्या पांढऱ्या पँटवर गुडघ्यापासून वर काळा पट्टा उमटला होता.

मी गाडी चालू ठेवून खाली उतरलो आणि मनापासून म्हणालो, ‘‘थँक्यू हो काका. तुमचे आभार कसे मानू...’’

‘‘दुसरा टाका म्हटलं होतं. तुम्ही दोनदा पहिल्यावर सोडलात,’’ असं म्हणून ते गेले. फडकं माझ्याकडेच राहिलं.

आभारांचा धडा

या मंडळींत उघड आभार मानणं हा असभ्यपणा समजला जातो. कारण उघड आहे. आपल्याकडे आभारप्रदर्शन सुरू झालं, की लोक चपला शोधायला लागतात. आभार म्हणजे कार्यक्रम संपला. इथे तर कार्यक्रम संपवायचाच नसतो.

पाकिटाला हात लावणं हा त्याहून मोठा गुन्हा. आमच्यातल्या एका नव्या मुलानं चाकण रस्त्यावर मदतीला आलेल्या डॉक्टरांच्या खिशात पाचशेची नोट कोंबली. ती नोट डॉक्टर आजही गाडीच्या कप्प्यात ठेवून आहेत. रविवारी नाश्त्याला तो मुलगा आला, की बाहेर काढून सर्वांना दाखवतात. म्हणे, ‘‘माझी व्हिजिट फी.’’ मुलाची दाढी पांढरी होईपर्यंत हे चालेल.

मग करायचं काय? एक, मदत करणाऱ्याला तुमच्या गाडीचा अपमान करण्याचा तहहयात हक्क मिळतो, तो हसतमुखानं मान्य करायचा. दोन, त्याच्या घरातल्या लग्नाला गाडी द्यायची. नवरा-नवरी जुन्या फियाटमधून निघाली, की फोटो फार छान येतात. झेंडूची फुलं रेडिएटरच्या जाळीत अडकून इंजिन तापतं आणि वऱ्हाडाला पुन्हा धक्का मारावा लागतो, तोही फोटो छान येतो. तीन, आंबे. चार काहीच नाही. तीनवर भागतं.

‘पडलाच होता घरात’

हे वाक्य तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकू येईल. तुम्ही एखादा सुटा भाग शोधत असता. ग्रुपवर फोटो टाकता. आठवड्यानं कोणीतरी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तुमच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, पडलाच होता घरात. हँडल असेल तर पडलंच होतं, काच असेल तर पडलीच होती. लिंग बदलतं, थाप बदलत नाही.

हो, थाप. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या तोंडावरच थांबलं. तिचे भाग कोणाच्या घरात आपोआप पडत नसतात. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांच्या माळ्यावर, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईला कुर्ल्याच्या भंगारात आणि चोरबाजारात हात काळे केल्याशिवाय ते निघत नाहीत. तिथंही नाही मिळालं, तर नमुना घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात जायचं. तिथला लेथवाला भाग हातात घेऊन दोनदा फिरवतो आणि ‘संध्याकाळी या’ म्हणतो.

माझ्या पुढच्या दाराची त्रिकोणी काच फुटली होती. तीच, जी उलटी वळवली की वारा थेट तोंडावर येतो आणि जिच्यापुढे कुठल्याही एसीनं मान खाली घालावी. औषधकंपनीत फिरतीची नोकरी करणाऱ्या आमच्या एका मित्राला ती कुर्ल्याला दिसली. त्यानं ती स्वेटरमध्ये गुंडाळून दादरला आपल्या मेव्हण्याकडे ठेवली. मेव्हण्यानं ती डेक्कन क्वीननं पुण्याला येणाऱ्या वहिनींच्या बहिणीकडे दिली. वरच्या फळीवर ठेवली तर आदळेल म्हणून त्या बाईंनी ती पुण्यापर्यंत मांडीवर धरून आणली. त्यांना फियाटशी काही देणंघेणं नाही. मी त्यांना अजून पाहिलेलं नाही. काच माझ्या हातात देताना मित्र काय म्हणाला, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

नवशिक्यानं इथे ‘कुठून आणलीस, किती पडले?’ असं खोदून विचारू नये. थाप आहे हे दोघांनाही माहीत असतं. ती मोडली तर पुढचा हिशेब करावा लागेल, आणि हिशेब आमच्यात कोणालाच जमत नाही. बँकेतून निवृत्त झालेले तिघं आहेत, त्यांनाही नाही.

मिस्त्री

हे प्रकरण वेगळं. मित्राला पैसे द्यायचे नसतात, मिस्त्रींना मात्र मागतील तेवढे द्यायचे आणि वर ऐकून घ्यायचं. जुन्या फियाटचे खरे मिस्त्री आता थोडेच उरले. आमचे मामा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावतात, मूठ कानाला, आणि डोळे मिटतात. मग म्हणतात, ‘‘तिसऱ्याचा टॅपेट.’’ डेल्कोतले पॉइंट पॉलिश पेपरनं घासून द्यावेत, ते त्यांनीच. तुम्ही घासाल तर गाडी चालू होईल, पण मामा बोलायचे बंद होतील.

त्यांची दृष्टी मध्यंतरी अधू झाली होती. गेल्या दिवाळीत त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चौदा फियाटवाले दवाखान्याबाहेर उभे होते. पट्टी निघाल्यावर मामा खिडकीपाशी आले, खालच्या रांगेकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले, ‘‘ती हिरवी धूर मारतेय.’’ हिरवी माझी आहे.

कागदपत्रं

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. पन्नास वर्षं झाली, की ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज क्रमांक घेता येतो, मग मात्र रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. याबद्दल कोणी विचारलं, की आम्ही म्हणतो, रोज चालू तरी कुठे होते! आरटीओत जाताना सोबत एक जुना सदस्य न्यावा. तो काही करत नाही, पण रांगेत बसून डबा उघडतो.

शेवटचा धडा

हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांच्या रबराला ते सोसत नाही. पंपातला डायफ्राम फुगतो, फाटतो, आणि गाडी जागच्या जागी मरते. फडक्यानं काही होत नाही. म्हणून चांगला डायफ्राम ही आमच्याकडची सध्याची सर्वांत मोठी इस्टेट आहे.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन आला. नवा मुलगा, आडनावही धड माहीत नव्हतं. वारज्याच्या पुलाखाली गाडी बंद, बरोबर आई. मी लक्षणं विचारली. डायफ्रामच. माझ्याकडे सुटा एकही नव्हता. दोघा-तिघांना फोन केले, त्यांच्याकडेही नव्हता.

हिरवीचा पंप दोन नटांवर बसलेला आहे. खोलायला सहा मिनिटं लागली. पंप पिशवीत टाकला, सोबत पाना आणि फडकं (तेच, पोळ्यांच्या डब्याचं, ते मी टाकलेलं नाही), आणि स्कूटरला किक मारली. बायको दारात उभी होती. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगताना माझीच पंचाईत झाली असती.

पंप बसला, धक्के मारून गाडी सुरू झाली. मुलानं खिशात हात घातला, तो मी बाहेरूनच दाबून धरला. ‘‘काका, हा पंप तुम्ही कुठून...’’ त्यानं विचारलं. मी काय म्हणालो ते सांगत नाही. एवढं मात्र विचारलं, की तू दर वेळी पहिल्यावर क्लच का सोडतोस?

रविवारी मी नाश्त्याच्या कट्ट्यावर पीएमपीनं गेलो. मुलगा पुढच्याच टेबलावर बसला होता. सगळ्यांनी विचारलं, ‘‘हिरवी कुठंय?’’

अशा वेळी ‘सर्व्हिसिंगला दिलीय’ म्हणावं. डॉक्टरांनी मिसळीवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं, मग त्या मुलाच्या गाडीकडे पाहिलं, आणि माझ्या ताटलीत आपला एक पाव ठेवला.