चार कार्ब्युरेटर आणि गवंड्याची नळी

लेस्टर, इंग्लंड
रविवार, रात्री

ती. आबा आणि ती. सौ. आईस,


परवा फोनवर आबा तुम्ही विचारलंत, "पंचेचाळीस वर्षांची गाडी घेतलीस, मग माझी राजदूत भंगारात द्यायला तूच का मागे लागला होतास?" तेव्हा फोन कट झाला. खरं तर झाला नव्हता, मी केला होता. उत्तर तोंडी देण्याची हिंमत नव्हती, म्हणून हे पत्र.

तुमच्या राजदूतला कार्ब्युरेटर एकच. हवा-पेट्रोलचं काय ते त्याचं तोच बघायचा. माझ्या १९८० च्या होंडा सीबी७५० ला सिलिंडर चार आणि कार्ब्युरेटरही चार. थ्रॉटल मात्र एक. म्हणजे आपल्या चार काकांसारखं: विहीर एक, पाण्याच्या पाळ्या चार. एकाची झडप केसभर जास्त उघडी राहिली, की बाकीचे तिघे कुरकुरतात. गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरीनं आरशात मागची एक मोटार तीन दिसायची.

तळोद्यात आपल्या मिस्त्रीबाबांनी कुणाच्या तरी राजदूत-३५० चे दोन कार्ब्युरेटर रबरी नळी कानाला लावून जुळवले होते, ते मी शाळेतून येताना पाहिलं होतं. "मशीन बोलस भाऊ, तू फक्त आयक." मीही नळी कानाला लावली. चारही कार्ब्युरेटर फुसफुसत होते आणि मागून पाचवी सौ. काहीच उमगलं नाही.

मग हत्यारं शोधली. आधी पोकळी मोजणाऱ्या, घड्याळासारख्या चार डायलचा संच आणला. चारही डायल आळीपाळीनं एकाच सिलिंडरला लावून पाहिले, तर चौघांचं चार तऱ्हेचं उत्तर! काटे तर असे थरथरत होते, जणू दहावीचा निकाल आहे. नळीत बारीक छिद्राचं बूच घातलं, तेव्हा कुठे थरथर थांबली. मतभेद तसेच राहिले. पूर्वी पाऱ्याच्या नळ्या वापरत. पारा विषारी, म्हणून तसली उपकरणं इथे घरगुती गिऱ्हाइकाला नवी विकत नाहीत. पाऱ्याऐवजी स्टीलच्या कांड्या वरखाली होणारं मॉर्गनचं कार्बट्यून चांगलं, असं जाणकार सांगतात. त्याची किंमत मी सौ.ला सांगितली नाही, कारण डायलची अजून सांगायची आहे.

आणि एकदम आपलं घर बांधलं तेव्हाचा गवंडी आठवला. त्याच्याकडे काय होतं? पारदर्शक नळी आणि आत पाणी. नळीचं एक टोक तो धरायचा, दुसरं माझ्या हातात. दोन्हीकडे पाणी एका रेषेत, की भिंतीवर पेन्सिलची खूण. आत बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी. त्या नळीवर अख्खं घर उभं राहिलं. माझे चार कार्ब्युरेटर कोण लागून गेले!

मत्स्यालयाच्या दुकानातून पातळ नळी आणली, फळीवर उभी 'यू'सारखी ठोकली आणि आत टू-स्ट्रोकचं ऑइल भरलं. एकेक टोक एकेका सिलिंडरच्या हवेच्या वाटेला जोडायचं. ज्याची झडप कमी उघडी, त्याच्यामागे पोकळी जास्त, म्हणून तेल त्याच्या बाजूला चढतं. पाऱ्यात जो फरक एक सेंटिमीटर दिसेल, तो तेलात पंधराएक सेंटिमीटर दिसतो. चष्माही लागत नाही.

आधी व्हॉल्व्हचं अंतर आणि प्लग तपासले, इंजीन तापवलं. टाकी काढावी लागते, म्हणून पेट्रोलची छोटी बाटली कपड्यांच्या दांडीला टांगली. गाडीला सलाइन लावल्यासारखं दिसत होतं. समोर टेबलफॅनही लावला; उभ्या गाडीला वारा कुठला? शेजारचे गुजराती काका कुंपणावरून म्हणाले, "शुं थयुं? केटला दिवसथी बीमार छे?" त्यांच्याशी बोलायला वळलो आणि इकडे तिसऱ्या सिलिंडरनं सगळं ऑइल गटकन ओढून घेतलं. आपल्या टू-स्ट्रोकसारखाच निळा धूर! आबा, तुमची राजदूत दहा मिनिटं लेस्टरला येऊन गेली. पारा असता तर पंचाईत होती; ऑइल जळून गेलं.

दुसऱ्यांदा नळी दुप्पट लांब घेतली. यातली खुबी अशी, की कुणी अमुक आकड्यावर यावं असं नाही. चौघे एकमेकांसारखे हवेत. त्यातही एकाला मूळ धरतात. त्याला हात लावायचा नाही, बाकी तिघांनी पाव-पाव आट्यानं त्याच्याशी जुळवून घ्यायचं. आपल्या घरात तो कार्ब्युरेटर म्हणजे तुम्ही. (आई हसत असेल. खरा कोण, ते चारही काकांना माहीत आहे.)

आता गाडी एका सुरात चालते. नव्या गाड्यांत हवा-पेट्रोलचं प्रमाण कॉम्प्युटर बघतो. भारतातही २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. राजदूतच्या प्रश्नाचं उत्तर मात्र लिहून द्यायचीही हिंमत होत नाही. मिस्त्रीबाबांना माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
भाऊ

ता. क. – दुसऱ्यांदा ऑइल भरताना नळीचं एक टोक चिरंजीवांच्या हातात दिलं होतं. अंगठा काढू नको म्हणून बजावलंही होतं. काढला. ऑइल माझ्या पायावर. लहानपणी मी गवंड्याच्या डोक्यावर पाणी सांडलं तेव्हा त्यानं मला जे ऐकवलं होतं, तेच मी याला अहिराणीत ऐकवलं. त्याला काही कळलं नाही, म्हणून घरात शांतता आहे. तो फोनवर अर्थ विचारेल. तेवढं सांगू नका.