दिवेलागण

रस्त्यात समोरून येणारा अनोळखी माणूस आपल्याकडे बघत पाची बोटं मिटतो-उघडतो, तेव्हा त्याला म्हणायचं असतं, ‘दादा, दिवा चालू राहिलाय.’ हे मला फार उशिरा कळलं. तोवर कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडलो की साताऱ्यापर्यंत मी अशा सगळ्यांना हसून टाटा करत असे. लोक किती प्रेमळ आहेत, असं बायकोला सांगतही असे.

पुढे 1 एप्रिल 2017 पासून सरकारने नव्या दुचाक्यांना कायम चालू राहणारा दिवा सक्तीचा केला. पहिले काही महिने सगळा महाराष्ट्र एकमेकांना बोटं मिटून दाखवत होता. मग लोक कंटाळले आणि त्यांनी तो नादच सोडला. दिवसाढवळ्या दिवा दिसला तर आता कोणालाच काही वाटत नाही. माझी मात्र पंचाईत झाली. मला आठवण करून देणारं एवढं मोठं फुकट खातं एका फटक्यात बंद पडलं.

माझी मारुती 800 ही 2005 सालची. पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून तिला आणखी पाच वर्षांचं आयुष्य मागून घेतलं आणि मग पुन्हा पाच. तिला चावी काढल्यावर दिव्यासाठी टुंईटुंई करणं ठाऊक नाही. मालक दिवे चालू ठेवून गेला, तर ती निमूटपणे जळत बसते. दोन दिव्यांचे पंचावन्न-पंचावन्न मिळून 110 वॅट म्हणजे बारा व्होल्टला नऊ अँपिअर. पस्तीसची बॅटरी चार तासांत झोपते. लग्न साधारण तेवढंच चालतं. गेल्या वैशाखात कार्यालयाबाहेर नवरदेवाच्या मावसभावांनी फेट्यांसकट माझ्या गाडीला धक्का मारला. तो व्हिडिओ वरातीच्या व्हिडिओपेक्षा जास्त फिरला.

“अहो, एवढीशी दांडी फिरवायची असते,” बायको म्हणाली. “त्याला काय माणूस ठेवायचा का?”

माणूस नाही, पण यंत्र ठेवायचं मी ठरवलं. अमेरिकेत कॅडिलॅकने 1964 सालीच ही सोय दिली होती. तिचं नाव ‘ट्वायलाइट सेंटिनल’, म्हणजे आपल्या भाषेत तिन्हीसांजेचा राखणदार. अंधार पडला की दिवे आपोआप लागत आणि मालक गाडीतून उतरून घरात शिरेपर्यंत ते थोडा वेळ जळत राहत. कॅडिलॅकला जे 1964 साली जमलं, ते माझ्या गाडीला आता जमायला हरकत नव्हती.

तपकीर गल्लीत जाऊन मी एक एलडीआर आणला. डाळीएवढी चकती आणि तिच्यावर कुरडईसारखी नागमोडी रेघ. गुण एकच : अंधारात करंट अडवायचा, उजेडात सोडायचा. सगळं घर निजल्यावर मी तो मल्टिमीटरला जोडून टेबललॅम्पखाली धरी, हाताने झाकी, पुन्हा उघडा करी. ते आकडे सरसर चढता-उतरताना बघण्यात जे सुख आहे, ते बायकोला समजावता आलं नाही.

नाना पेठेतून रिले आणला आणि वायरिंगच्या मेस्त्रीकडे गेलो. या इवल्या चकतीच्या अंगावर नऊ अँपिअर सोडले तर तिची राख होईल. म्हणून मधे रिले. चिमूटभर करंट कॉइलला जागं करतो आणि कॉइल मोठ्या करंटची वाट उघडते. आमच्या ऑफिसात शिपाई हेडक्लार्कला उठवायचा आणि मग हेडक्लार्क काम सुरू करायचा, तसंच.

“काका, चावीच्या लाइनवरून देतो,” मेस्त्री म्हणाला. “चावी बंद की दिवे बंद. तुमची बॅटरीची कटकट इथंच मिटली. तेवढंच पाहिजे तर एक रिले बास, ही डाळ परत करा.”

मी डाळ परत केली नाही.

“मग कपॅसिटर टाकून थोडा उशीर लावतो. नाहीतर फडफडतील.”

“उशीर नको,” मी म्हणालो. “अंधार पडला की कसे चटकन लागले पाहिजेत.”

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खांदे उडवले. डॅशबोर्डवर गणपतीच्या शेजारी चकती बसली. त्या संध्याकाळी दिवेलागणीला आई आत देवापाशी दिवा लावत होती आणि बाहेर अंगणात गाडीने आपले आपण दिवे लावले. मी कृतकृत्य झालो.

दुसऱ्या दिवशी रात्री चौकात दिवे फट्दिशी विझले. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. समोर दोन मजली एलईडी फलकावर एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस पेटला होता. सूर्य उगवला, अशी माझ्या चकतीची समजूत झाली; फलकावरच्या मजकुराचाही दावा साधारण तोच होता. मेस्त्रीने स्क्रू पिळून तिला पक्कं बजावलं : कडक ऊन दिसल्याशिवाय दिवे विझवायचे नाहीत.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही वाईला ढोल्या गणपतीच्या दर्शनाला निघालो. बोगद्यात दिवे लागले, बाहेर येताच विझले. मी बायकोकडे पाहिलं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. खंबाटकी चढून उतरलो आणि सुरूर फाट्याला वाईकडे वळलो. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुने वड आहेत. सावली आली : दिवे लागले. ऊन : विझले. सावली, ऊन, सावली, ऊन.

आपल्याकडे दिवा फक्त दिसण्यासाठी नसतो, तो बोलण्यासाठी असतो. एकदा डिपर मारला तर ‘मी येतोय, थांब’. लागोपाठ फडफडवला, की ‘पुढे मामा आहेत’. माझी गाडी दर वडाखाली ही बातमी देत निघाली होती.

समोरच्या पोराने आरशाला अडकवलेलं हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं. टेंपोवाल्याने पट्टा ओढला. मागे चौघं लोंबकळणारं एक वडाप करकचून थांबलं आणि ते चौघं सहज फिरायला आल्यासारखे शेतात शिरले. जाता जाता वडापवाल्याने मला हात केला. तीन किलोमीटरच्या पट्ट्यात त्या दिवशी जेवढी शिस्त होती, तेवढी रस्ता सुरक्षा सप्ताहातही नसते.

आणि पुढे मामा खरोखरच होते.

“काका,” हवालदारसाहेब खिडकीशी वाकले, “लोकांना सावध करताय व्हय? सकाळपास्नं एक बिनहेल्मेटचा घावला न्हाई.”

“मी नाही साहेब, गाडी करते,” मी म्हणालो. हे वाक्य ऐकू कसं येतं, ते बोलल्यावर कळलं.

बायको पुटपुटली, “दांडी फिरवायची होती नुसती.”

मी एलडीआर, रिले, कॉइल, हेडक्लार्क, सगळं सांगितलं. ते गप्प ऐकत होते. मग त्यांनी खिडकीतून हात घालून चकतीवर तळवा ठेवला, दिवे लागले. उचलला, विझले. पुन्हा ठेवला. समोरून येणाऱ्या तीन मोटारसायकली जागच्या जागी वळून परत गेल्या.

“मेस्त्री कुठला?” त्यांनी विचारलं.

“पुण्याचा. का हो?”

त्यांनी झाडाला टेकवलेल्या आपल्या नव्या मोटारसायकलकडे पाहिलं. इंजिन सुरू झालं की भर उन्हातही तिचा दिवा जळायचा.

“न्हाई, म्हटलं, ह्यो बंद करायचं बटण बशीवल का त्यो?”